इन्नानं प्यायलेला पाय

आमच्या कानो शहरात या दुखण्याला म्हणतात शान-इन्ना.
इन्ना नावाची कुणी न दिसणारी बाई
रात्रीची येते, लेकराचा पाय पिऊन जाते.
माझा डावा तिनं प्यायला
मी तीन वर्षांची असताना.
उरलं ते हे, बाभळीच्या वाळल्या शेंगेसारखं,
लोखंडी पट्ट्यांत बांधलेलं, चालताना करकरणारं.
मुलं आवाजावरूनच ओळखतात:
"देलू आली, थेंबवाली!"

खांद्याला थंड पेटी, खिशात खडू,
पापण्यांवर हरमाटनची धूळ.
थेंब पाजायचे, डाव्या करंगळीला शाई लावायची,
दारावर तारीख नि घराचा आकडा लिहायचा
आणि पुढच्या दाराशी सलाम घालायचा.
एवढंच काम. घरी तरी मी असंच सांगते.

पण रंगाऱ्यांच्या आळीत फसले.
तिथं जमिनीत खोल हौद, हौदांत नीळ,
आणि ज्याचे त्याचे हात कोपरापर्यंत निळे.
लादिदीनं दार अर्धंच उघडलं,
कडेवरची पोर पुढं केली.
"झालंय हिचं. बघ की करंगळी."
करंगळी निळी होती.
बाकीची चार बोटंही निळी होती.
हनुवटीसुद्धा.

मला हसू आलं. तिला नाही.
"लोक म्हणतात, यानं पुढं मुलं होत नाहीत."
"माझ्या थोरलीनं बारा वेळा घेतले थेंब,
मागच्या महिन्यात तिला जुळं झालं."
ती माझ्या पट्ट्यांकडे बघत होती.
"दुखतं?"
"आता नाही."
"तेव्हा कसं कळलं तुझ्या आईला?"

ताप आला होता, आई सांगायची,
सगळ्यांच्या पोरांना येतो तसाच.
एक उलटी. मान जरा ताठ.
तिसऱ्या सकाळी तिनं मला उभं केलं
आणि पाय...
मी दोरीकडे बोट दाखवलं.
हौदातून नुकतंच काढलेलं कापड
ठिबकत लोंबत होतं.
"असा. चिमटा काढला की मी रडायचे,
पण उचलता येत नव्हता."

दोन थेंब. पोरीनं तोंड वाकडं केलं, गिळले.
माझी शाई त्या निळ्यावर दिसेना,
शेवटी पायाच्या अंगठ्याला लावली
आणि वहीत तसं लिहिलं.
सुपरवायझर ओरडेल. ओरडू दे.

"महिन्यानं परत येईन," मी चाचरत म्हटलं.
दारं बंद होतात ती इथंच. परत? अजून कितीदा?
लादिदी म्हणाली, "ये की.
एका बुडवणीत कुठल्या कापडानं रंग धरलाय?"
अठरा वर्षं मी हे समजावत फिरतेय.

पाच आठवड्यांनी तीच आली, धापा टाकत.
"गाम्बोचा मुलगा. काल ताप उतरला,
आज पाय ओल्या कापडासारखा."
तिथं ताईत बांधायची तयारी चालली होती.
बांधा, मी म्हटलं, पण मला त्याची शी हवी,
आज एकदा, उद्या एकदा.
बर्फात घालून इबादानला पाठवायची.
मुलाचा मामा हसला, "शी? बर्फात?"
मग कुणीच हसलं नाही.
डबी वेगळ्या पेटीत ठेवली;
थेंबांच्या पेटीत हे चालत नाही.

रिपोर्ट अजून आलेला नाही.
तोवर आळी पुन्हा पिंजून काढतोय आम्ही.
लादिदी पुढं चालते, कडी वाजवते,
माझं लोखंड मागं पडलं की थांबते.
नवऱ्याला काय सांगून आली, मी विचारलं नाही.
खडू आता तिच्याकडे असतो.
दारांवरचे आकडे
जरासे निळसर उमटतात.